‘-शिप’ या इंग्रजी नामप्रत्ययाचा अर्थ, उगम आणि तो उलगडण्याची रीत

नागपुरातल्या कोणत्याही अभ्यासिकेत थोडा वेळ बसले तरी ‘शिप’ने संपणारे दोन-चार शब्द कानावर पडतातच. कुणाची महाडीबीटीवरची स्कॉलरशिप अडलेली असते, कुणाची मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत इंटर्नशिप चालू असते, कुणी रेल्वेच्या अप्रेंटिसशिपची जाहिरात शोधत असतो, तर कुणाचे लक्ष महाज्योतीच्या फेलोशिपच्या यादीकडे लागलेले असते. हे शब्द आपल्या बोलण्यात इतके मुरले आहेत की त्यांच्या शेपटाशी असलेल्या प्रत्ययाकडे सहसा कुणी वळून पाहत नाही. अडचण येते ती इंग्रजी उताऱ्याचे आकलन किंवा भाषांतर करण्याची वेळ आली म्हणजे. तेव्हा बहुतेक विद्यार्थी ‘शिप म्हणजे त्व’ हा एकच ठोकताळा वापरतात. सिटिझनशिपला नागरिकत्व आणि लीडरशिपला नेतृत्व म्हणेपर्यंत तो चालतो; पण रीडरशिप, हार्डशिप, टाउनशिप किंवा सेन्सॉरशिप समोर आली की तोच ठोकताळा ‘वाचकत्व’ आणि ‘नगरत्व’ यांसारखे निरर्थक शब्द हाती देतो. या लेखात सांगितलेली रीत वापरल्यास हा प्रत्यय असलेला अनोळखी शब्दही सुटा करता येईल आणि त्याला योग्य मराठी शब्द देता येईल.

पहिली पायरी : जहाज वेगळे काढावे

शेवटी ‘शिप’ दिसले की प्रत्यय आहे असे लगेच मानू नये. वॉरशिप, स्टीमशिप, एअरशिप आणि स्पेसशिप या शब्दांतले ‘शिप’ म्हणजे जहाज. ते सामासिक शब्द आहेत आणि आपल्या प्रत्ययाशी त्यांचे काहीही नाते नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या प्राचीन इंग्रजीत हे दोन्ही घटक वेगवेगळे होते. जहाजाला ‘शिप’ असा शब्द होता आणि प्रत्यय होता ‘शिपे’. पुढे शब्दांच्या शेवटचे स्वर झिजत गेले, प्रत्ययाचा एकार गळून पडला आणि दोन परक्या गोष्टी एकाच रूपात दिसू लागल्या.

फरक ओळखण्याची कसोटी सोपी आहे. ‘शिप’ काढून टाकावे आणि उरलेला शब्द माणसाचे नाव, नाते, पद किंवा भूमिका सांगतो का ते पाहावे. फ्रेंड, मेंबर, पार्टनर, ओनर आणि डिक्टेटर हे सगळे माणसे दाखवणारे शब्द आहेत, म्हणून पुढे आलेले शिप हा प्रत्यय होय. वॉर, स्टीम, एअर आणि स्पेस ही माणसे नव्हेत, म्हणून ते जहाज होय. या कसोटीवर स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याने ‘फ्लॅगशिप’ हा शब्द आवर्जून घासून पाहावा, कारण शासनाच्या योजनांसंबंधीच्या मजकुरात तो वारंवार येतो. फ्लॅग म्हणजे ध्वज, आणि ताफ्याच्या प्रमुख अधिकाऱ्याचा ध्वज ज्या जहाजावर फडकतो ते फ्लॅगशिप. त्यावरून एखाद्या संस्थेची किंवा शासनाची सर्वांत अग्रभागी असलेली योजना असा लाक्षणिक अर्थ रूढ झाला. तेथे ‘ध्वजत्व’ शोधत बसण्याचे कारण नाही.

कसोटीला अपवाद आहेत, पण ते थोडे आहेत आणि त्यांची ओळख करून ठेवणे अवघड नाही. हार्डशिपमध्ये ‘हार्ड’ हे विशेषण आहे, टाउनशिपमध्ये ‘टाउन’ हे स्थळ आहे, कोर्टशिपमध्ये दरबार या अर्थाचा ‘कोर्ट’ आहे, आणि लेक्चरशिपमध्ये व्याख्याता नसून व्याख्यान आहे. नेटची, म्हणजे महाविद्यालयीन अध्यापनासाठीच्या पात्रता परीक्षेची, तयारी करणारे अनेक जण ‘लेक्चररशिप’ असे लिहितात, परंतु इंग्रजीत रूढ रूप लेक्चरशिप हेच आहे. रिलेशनशिप हा शब्द अपवाद वाटतो, पण तो पुरता अपवाद नाही: इंग्रजीत ‘रिलेशन’ म्हणजे नाते तसेच नातेवाईकही, आणि ‘आपण एकमेकांचे नातेवाईक असणे’ असा त्याचा अर्थ घेतला की प्रत्यय पुन्हा माणसालाच लागलेला दिसतो.

दुसरी पायरी : प्रत्ययाचे मूळ समजून घ्यावे

मूळ माहीत असणे ही केवळ हौसेची बाब नाही; अर्थांचा पुढचा सगळा पसारा त्यातूनच उलगडतो. ‘-शिप’ हा अस्सल जर्मानिक प्रत्यय आहे, म्हणजे तो लॅटिन किंवा फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला नाही. त्याची भावंडे आजही शेजारच्या भाषांत नांदत आहेत: जर्मनमध्ये ‘-शाफ्ट’, डचमध्ये ‘-स्खाप’ आणि स्वीडिशमध्ये ‘-स्काप’. इंग्रजी फ्रेंडशिप, जर्मन फ्रॉइंडशाफ्ट आणि डच फ्रीन्डस्खाप यांचा अर्थ एकच, मैत्री. फुटबॉल पाहणाऱ्यांना जर्मनीच्या राष्ट्रीय संघासाठी वापरले जाणारे ‘मानशाफ्ट’ हे नाव ठाऊक असेल. त्यातही हाच प्रत्यय आहे आणि तेथे तो माणसांचा समूह दाखवतो.

ध्वनीतला फरक पाहण्यासारखा आहे. जर्मानिक भाषांच्या समान पूर्वजात या ठिकाणी ‘स्क’ होता. इंग्रजीत तो मऊ होऊन ‘श’ झाला, स्कँडिनेव्हियाच्या भाषांत मात्र ‘स्क’ टिकला. म्हणूनच अस्सल इंग्रजी ‘शर्ट’ आणि स्कँडिनेव्हियाच्या जुन्या नॉर्स भाषेतून आलेला ‘स्कर्ट’ हे मुळात एकच शब्द आहेत. आपला प्रत्यय ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ घडवणे, आकार देणे असा आहे. इंग्रजीतला ‘शेप’ म्हणजे आकार हा शब्द त्याच कुळातला, आणि निर्माण करणे या अर्थाचे जर्मन क्रियापद ‘शाफेन’ हेही त्याच कुळातले. ‘शिपशेप’ म्हणजे नीटनेटका या इंग्रजी शब्दात तर पहिले शिप जहाजाचे आहे आणि मागचा शेप आपल्या प्रत्ययाचा भाऊबंद आहे.

तेव्हा ‘-शिप’चा बीजार्थ ‘घडण’ असा धरावा. फ्रेंडशिप म्हणजे मित्र असण्याने जे घडते ते, आणि लीडरशिप म्हणजे नेता असण्याने जे घडते ते. हा बीजार्थ मनात पक्का असला की पुढे दिसणारे वेगवेगळे अर्थ विस्कळीत वाटत नाहीत, कारण माणसाच्या भूमिकेतून स्थिती घडते, पद घडते, कसब घडते, हक्क घडतो आणि समूहही घडतो.

या संदर्भात ‘लँडस्केप’ शब्दाची हकिकत सांगितलीच पाहिजे. प्राचीन इंग्रजीत भूप्रदेश या अर्थी ‘लँड’ला हाच प्रत्यय लागून झालेला शब्द होता, पण तो वापरातून गेला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस डच चित्रकारांची निसर्गचित्रे इंग्लंडमध्ये पोहोचली आणि त्यांच्याबरोबर ‘लांटस्खाप’ हा डच शब्दही पोहोचला. इंग्रजांनी तो चित्रकलेची संज्ञा म्हणून उचलला आणि त्याचे लँडस्केप झाले. आपलाच हरवलेला प्रत्यय अशा रीतीने शेजाऱ्याच्या घरून वेगळ्या रूपात परत आला. पुढे त्यातला ‘-स्केप’ हा तुकडा सुटा होऊन सीस्केप आणि सिटीस्केप असे नवे शब्दही तयार झाले.

तिसरी पायरी : मूळ शब्दाचे कूळ प्रत्ययापासून वेगळे पाहावे

१०६६ मध्ये फ्रान्सच्या उत्तर भागातून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर इंग्रजीत फ्रेंच शब्दांचा लोंढा आला. जुना प्रत्यय मात्र मागे हटला नाही. तो परक्या शब्दांनाही सहज लागू लागला. पार्टनर फ्रेंचमार्गे आला, सेन्सॉर आणि डिक्टेटर हे लॅटिन आहेत, तरी शेपूट मात्र अस्सल इंग्रजीच राहिले. म्हणून ‘या शब्दाचे मूळ सांगा’ असा प्रश्न आला तर शब्दाचे आणि प्रत्ययाचे उत्तर स्वतंत्रपणे द्यावे.

मराठी वाचकाला या पायरीवर काही जुनी नाती अनपेक्षितपणे भेटतात. ‘फ्रेंड’ हा शब्द प्रेम करणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे आणि तो धातू संस्कृत ‘प्रिय’ शब्दाचा सगोत्र आहे. ‘फेलो’ हा नॉर्स भाषेतून आला. त्याचा मूळ अर्थ पैसा एकत्र ठेवणारा, म्हणजे भागीदार असा होता. त्यातल्या पहिल्या भागाचा अर्थ गुरेढोरे आणि त्यावरून धन असा होता, आणि तो संस्कृत ‘पशु’ शब्दाचा नातलग आहे. फेलोशिप म्हणजे मुळात भागीदारी, मग सोबत, मग विद्वानांच्या मंडळातले सभासदत्व आणि शेवटी त्या सभासदत्वाबरोबर मिळणारे मानधन. संशोधक विद्यार्थी आज ज्या दरमहा रकमेची वाट पाहतो तिच्या नावात गुराढोरांची संपत्ती दडलेली आहे, ही गोष्ट मला तरी फार मोलाची वाटते.

‘वर्शिप’ म्हणजे पूजा, हा या कुळातला सर्वांत चकवणारा शब्द. ‘वर्थ’ म्हणजे योग्यता किंवा मोल, त्याला हा प्रत्यय लागला आणि मधला ‘थ’ लोपला. मूळ अर्थ होता योग्यता, आदर, प्रतिष्ठा. ईश्वराची पूजा हा अर्थ नंतरचा आहे. इंग्लंडमध्ये महापौर आणि दंडाधिकारी यांना ‘युअर वर्शिप’ असे संबोधण्याची प्रथा त्या जुन्या अर्थाची साक्ष देते. ‘युअर लॉर्डशिप’ हेही त्याच धाटणीचे संबोधन. ‘लॉर्ड’ हा शब्द स्वतःच जुन्या काळी ‘भाकरीचा रक्षक’ अशा अर्थाचा समास होता. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठात हे संबोधन वकिलांच्या तोंडून ऐकू येते, जरी बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००६ मध्ये त्याऐवजी ‘युअर ऑनर’ किंवा ‘ऑनरेबल कोर्ट’ म्हणावे असा नियम केला असला तरी.

चौथी पायरी : वाक्यात कोणता अर्थ आहे ते ठरवावे

सर्वाधिक चुका येथे होतात, म्हणून या पायरीला पुरेसा वेळ द्यावा. एकाच शब्दाला वेगवेगळ्या वाक्यांत वेगळा अर्थ असतो, त्यामुळे शब्द कोशात पाहून काम संपत नाही. वाक्यातले क्रियापद आणि शेजारची नामे यांच्याकडे पाहावे लागते.

‘स्कॉलरशिप’ घेऊ. ‘तिची स्कॉलरशिप वादातीत आहे’ अशा अर्थाच्या वाक्यात हा शब्द विद्वत्ता सांगतो, आणि ‘तिची स्कॉलरशिप दोन महिने थांबली आहे’ या वाक्यात शिष्यवृत्ती सांगतो. थांबणे, मंजूर होणे, खात्यात जमा होणे ही पैशाची क्रियापदे आहेत. वादातीत असणे, सखोल असणे ही गुणाची विशेषणे आहेत. मूळ अर्थ विद्वान असण्याची स्थिती हाच होता, आणि सोळाव्या शतकात त्याला विद्यार्थ्याला मिळणाऱ्या आर्थिक साह्याचाही अर्थ चिकटला. आपल्याकडे दुसरा अर्थ इतका बलवान झाला आहे की पहिला समोर आला तरी विद्यार्थी शिष्यवृत्तीच लिहून मोकळे होतात.

‘मेंबरशिप’मध्येही अशीच फाटाफूट आहे. मेंबरशिप मिळाली असेल तर ते सदस्यत्व. मेंबरशिप वाढली असेल तर ती सदस्यसंख्या. आणि मेंबरशिपने ठराव फेटाळला असेल तर तो सदस्यवर्ग. रीडरशिप आणि व्ह्यूअरशिप या शब्दांत तर समूहाचाच अर्थ मुख्य आहे, म्हणून तेथे वाचकवर्ग आणि प्रेक्षकवर्ग किंवा त्यांची संख्या असे म्हणावे. ‘चँपियनशिप’ कधी जिंकलेले पद असते, कधी ती स्पर्धा स्वतः असते. नागपूरची बुद्धिबळपटू दिव्या देशमुख हिने २०२४ मध्ये मुलींची जागतिक ज्युनिअर चँपियनशिप जिंकली, असे म्हणताना अजिंक्यपद हा शब्द चपखल बसतो. परंतु ती चँपियनशिप गांधीनगरला भरली होती, असे म्हणताना अजिंक्यपद स्पर्धा असेच लिहिले पाहिजे, कारण पद भरत नाही, स्पर्धा भरते.

कसबाचा अर्थ बहुधा ‘-मन’ने संपणाऱ्या शब्दांत सापडतो: क्राफ्ट्समनशिप म्हणजे कारागिरी, हॉर्समनशिप म्हणजे अश्वारोहणाचे कौशल्य, पेनमनशिप म्हणजे हस्ताक्षराचे वळण. अशा शब्दांची इतकी सवय झाली की इंग्रजीने ‘-मनशिप’ हा अख्खा तुकडाच प्रत्ययासारखा वापरायला सुरुवात केली. शीतयुद्धाच्या काळात, १९५६ च्या सुमारास, अमेरिकेत ‘ब्रिंकमनशिप’ हा शब्द पुढे आला. युद्धाच्या कड्यापर्यंत परिस्थिती ताणून प्रतिपक्षाला नमवण्याची नीती असा त्याचा अर्थ आहे. ‘ब्रिंकमन’ अशी भूमिका सांगणारा शब्द इंग्रजीत पूर्वी नव्हता, तरी ब्रिंकमनशिप अडली नाही.

टाउनशिपचा प्रवासही ध्यानात ठेवावा. प्राचीन इंग्रजीत तो गावात राहणाऱ्या लोकांच्या समुदायाचा वाचक होता, नंतर त्या गावाच्या हद्दीचा झाला. अमेरिकेच्या जमीन मोजणीत तो सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशा चौरसाचे नाव आहे, तर दक्षिण आफ्रिकेच्या संदर्भात वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांसाठी शहराबाहेर वसवलेल्या वस्त्यांचे. आपल्याकडे कारखान्याची वसाहत किंवा बांधकाम व्यावसायिकाचा मोठा गृहप्रकल्प असा अर्थ आहे. उतारा कोणत्या देशासंबंधी आहे हे पाहिल्याशिवाय या शब्दाचे भाषांतर करू नये.

पाचवी पायरी : मराठी शब्द निवडावा

पारिभाषिक शब्दांच्या घडणीत नागपूरचे स्थान मोठे आहे. संविधान सभेचे सदस्य असलेले डॉ. रघुवीर यांचे कोशकार्य स्वातंत्र्याच्या आसपासच्या वर्षांत याच शहरात चालले. इंग्रजी संज्ञेतील उपसर्ग, धातू आणि प्रत्यय सुटे करून प्रत्येकासाठी ठरावीक संस्कृत घटक योजायचे, अशी त्यांची पद्धत होती. विज्ञानाच्या संज्ञांसाठी ती शिस्त उपकारक आहे, कारण तेथे एका घटकाचा एकच अर्थ राहणे इष्ट असते. ‘-शिप’सारखा हजार वर्षे लोकांच्या तोंडी राहिलेला प्रत्यय मात्र अशा एकास एक जोडीत मावत नाही, असे माझे मत आहे, त्याच्यासाठी मराठीतील रूढ शब्द आधी शोधावा आणि तो नसेल तरच नवा घडवावा.

स्थिती किंवा कायदेशीर दर्जा असेल तर ‘-त्व’ बरोबर आहे: नागरिकत्व, पालकत्व, सदस्यत्व. कायद्याच्या मजकुरात रूढ संज्ञा बदलू नये. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ असताना पार्टनरशिपला ‘सहभागित्व’ म्हणणे, किंवा शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ असताना अप्रेंटिसशिपला शिकाऊ उमेदवारीखेरीज दुसरे काही म्हणणे, हा वाचकाला अडवण्याचा प्रकार होय. पद असेल तर ‘-पद’, सत्तेचा प्रकार असेल तर ‘-शाही’, पैसा असेल तर ‘-वृत्ती’ जवळचे: प्राध्यापकपद, हुकूमशाही, अधिछात्रवृत्ती (फेलोशिप). वैद्यकीय शिक्षणातल्या इंटर्नशिपला आंतरवासिता हा शब्द रुळलेला आहे. हार्डशिपला प्रत्यय न शोधता हालअपेष्टा किंवा खडतर परिस्थिती म्हणावे, आणि फ्रेंडशिपला मैत्री म्हणावे. मित्रत्वही चुकीचे नाही, पण मैत्रीत जो ओलावा आहे तो त्यात नाही.

आपल्याकडचा सर्वांत जवळचा प्रत्यय ‘-त्व’ नसून ‘-की’ आहे, याकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. पाटीलकी म्हणजे पाटलाचे पद आणि त्या पदाबरोबरचे हक्क, सुतारकी म्हणजे सुताराचा धंदा आणि त्याचे कसब, मास्तरकी म्हणजे शिक्षकाची नोकरी. माणसाच्या भूमिकेला लागून त्यातून पद, हक्क, धंदा आणि कसब असे सगळे अर्थ देण्याचे हे काम नेमके ‘-शिप’चेच आहे. भाषांतर अडले तर त्या जागी एखादा ‘-की’ किंवा ‘-ई’ लागलेला जुना मराठी शब्द बसतो का ते आधी पाहावे: ओनरशिपसाठी मालकी, पार्टनरशिपसाठी भागीदारी, क्राफ्ट्समनशिपसाठी कारागिरी.

‘-हूड’ आणि ‘-डम’ यांच्याशी गल्लत

हे दोन्ही प्रत्ययही अस्सल इंग्रजी आहेत आणि तेही अवस्था सांगतात, म्हणून प्रश्नपत्रिकेत ते शेजारी शेजारी येतात. ‘-हूड’ हा पूर्वी दर्जा, स्थिती किंवा व्यक्ती या अर्थाचा स्वतंत्र शब्द होता. तो बहुधा वय, नाते किंवा सहज प्राप्त होणारी अवस्था सांगतो: चाइल्डहूड, मदरहूड. ‘-डम’ हा निवाडा किंवा कायदा या अर्थाच्या शब्दापासून आला आणि त्यातून सत्तेचे क्षेत्र हा अर्थ निघाला. किंगडम म्हणजे राजाचा कायदा जेथवर चालतो ते राज्य, आणि किंगशिप म्हणजे राजेपद. राज्य गेलेल्या राजाजवळही किंगशिपचा दावा उरू शकतो, किंगडम उरत नाही. कॅप्टनशिप हा शब्द आपल्याकडे क्रिकेटच्या गप्पांत सर्रास चालतो आणि तो कोशातही आहे, तथापि लिखित इंग्रजीत संघाच्या नेतृत्वासाठी ‘कॅप्टन्सी’ अधिक रूढ आहे.

कोश पाहताना आणि मराठीत लिहिताना

इंग्रजी कोशात हा प्रत्यय आडव्या रेघेसह स्वतंत्र नोंद म्हणून दिलेला असतो. जहाजाची नोंद वेगळी असते, त्यामुळे रेघ आहे की नाही ते आधी पाहावे. व्युत्पत्तीच्या कंसात एखाद्या रूपापूर्वी तारांकन दिसले तर ते रूप कोणत्याही लेखात प्रत्यक्ष सापडलेले नसून भाषांच्या तुलनेतून अभ्यासकांनी अनुमानाने उभे केलेले आहे असे समजावे. उच्चाराच्या दृष्टीने हा प्रत्यय फार सोयीचा आहे: तो लागल्याने मूळ शब्दावरचा आघात हलत नाही आणि स्पेलिंगही सहसा बदलत नाही, म्हणून मूळ शब्द बिनचूक लिहिता आला की पुढचे आपोआप बरोबर येते.

देवनागरीत ‘शिप’ ऱ्हस्व लिहावे, कारण इंग्रजी स्वर ऱ्हस्व आहे आणि ‘शीप’ लिहिले तर मेंढी होते. मराठीत आलेले हे सगळे शब्द स्त्रीलिंगी चालतात: स्कॉलरशिप मिळाली, इंटर्नशिप संपली, डीलरशिप घेतली. प्राचीन इंग्रजीत हा प्रत्यय लागलेली नामे पुल्लिंगी होती आणि जर्मन ‘-शाफ्ट’ची नामे स्त्रीलिंगी आहेत, पण आपल्या लिंगनिवडीशी त्याचा संबंध नाही, मराठीने आपल्या वळणाने ती ठरवली. विभक्ती लावताना शब्द आणि विभक्तिप्रत्यय यांच्यामध्ये जागा सोडू नये किंवा आडवी रेघ देऊ नये. ‘स्कॉलरशिपचा अर्ज’ आणि ‘मेंबरशिपसाठी’ असे सलग लिहावे. औपचारिक अर्जात किंवा उत्तरपत्रिकेत मराठी प्रतिशब्द रूढ असल्यास तोच लिहावा, आणि संपूर्ण मजकुरात एकाच शब्दाला एकाच अर्थासाठी एकच प्रतिशब्द ठेवावा.